घरत बाईंचं दोन ओळींचं उत्तर

मधली सुट्टी झाली की आमच्या शाळेच्या ऑफिसात घरत बाई आधी डबा खात. पूर्ण. भाकरीचा शेवटचा तुकडा, त्याला लागलेली सुकटीची चटणी, सगळं. मग हात धुऊन येत, टेबलाच्या खालच्या खणाचं कुलूप उघडत आणि आतून कडा झिजलेला एक जुना मोबाइल काढत. रोजच्या वापरातला त्यांचा फोन वेगळा, तो पर्समध्ये असे. खणातला हा फोन फक्त एका माणसासाठी होता. तो चालू करून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहत आणि आदल्या दिवसापासून आलेले सगळे मेसेज एका दमात वाचत. कधी चार असत, कधी चाळीस.

"बसून तरी वाचा की," मी एकदा म्हटलं.

"नको सर. बसून वाचलं की ते आत राहतं."

मी रेवदंड्याच्या त्या शाळेत मराठी शिकवत होतो. ऑफिसातला चहा स्टाफरूमपेक्षा बरा असतो, या एका कारणासाठी मधली सुट्टी मी ऑफिसात काढायचो, आणि म्हणून बाईंचा हा रोजचा कार्यक्रम मला पाहायला मिळाला. त्यांना कुणी पाहावं अशी त्यांची इच्छा नव्हती. पण मला हाकलून द्यावं इतका उद्धटपणाही त्यांच्यात नव्हता, आणि मी अशा गोष्टींचा फायदा घेणारा माणूस आहे.

सुरेखा घरत आमच्याकडे क्लार्क म्हणून आल्या तेव्हा बत्तीस-तेहेतीस वर्षांच्या असतील. उंची बेताची, अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले. हसल्या की चेहरा एकदम वेगळा दिसायचा, पण तो प्रसंग महिन्यातून एखादा. अलिबाग तालुक्यातल्या एका आगरी गावची मुलगी. लग्न करून न्हावा शेव्याच्या बाजूला गेल्या. नवरा बंदरातल्या मालवाहतुकीच्या एका कंपनीत सुपरवायझर. सहा वर्षं त्यांनी त्याचा मार खाल्ला. दिसणार नाही अशा ठिकाणी मारायचा, एवढंच त्या मला एकदा म्हणाल्या, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. शेवटी चार वर्षांच्या तन्वीला घेऊन बाहेर पडल्या, घटस्फोट घेतला, माहेरचं आडनाव परत लावलं आणि रेवदंड्याला हमीदाआपांच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माहेरी का गेला नाहीत, असं मी विचारलं होतं. भाऊ म्हणाला होता, "चार दिस ऱ्हा, मंग मीच सोडून येतो." त्या घरी चार दिवस राहून काय करायचं, म्हणून गेल्याच नाहीत.

घटस्फोट झाला म्हणजे सगळं संपतं असं माझ्यासारख्याला वाटतं. पण तन्वी होती ना. निलेशने, म्हणजे बाईंच्या त्या नवऱ्याने, मुलीचा ताबा मागायला अलिबागच्या कोर्टात दावा लावला होता. मुलीच्या मायेपोटी लावला असेल असं मला वाटत नाही. बाईंना छळायला दुसरं काही हातात उरलं नव्हतं. दाव्यात म्हटलं होतं, आई तापट आहे, तिचा तोल सुटतो, तिच्याकडे मूल सुरक्षित नाही. आणि हे खरं करून दाखवायला तो रोज मेसेज पाठवायचा. तू असली, तुझी आई तसली, शाळेतल्या कुठल्या मास्तरबरोबर तुझं काय चालतं ते मला माहीत आहे. मध्येच एखादा गोड: मला ताप आहे, तन्वीचा आवाज ऐकव. त्याच्या मागोमाग पुन्हा शिवी.

"त्यांना माझं एक वाक्य हवंय, सर," बाई म्हणाल्या. "रागाचं, एकच. ते मिळालं की छापून कोर्टात लावतील, आणि तन्वी जाईल."

म्हणून ते एक वाक्य त्या देत नव्हत्या. उत्तर रोज एकदाच, मधल्या सुट्टीत, जास्तीत जास्त दोन ओळी. त्यात फक्त तन्वीचं, बाकी कशालाही उत्तर नाही. तो तू म्हणो, अगं म्हणो, आणखी काही म्हणो, बाई त्याला 'आपण' म्हणायच्या. मला त्याचा संताप यायचा. असल्या माणसाला आपण कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "अहो-जाहो केलं की अंतर राहतं."

शंभर पानी वह्यांचा गठ्ठा होता त्यांच्याकडे. त्यात तारीख, वेळ, त्याचा मेसेज जसाच्या तसा, शिव्यांसकट, त्यांच्या त्या वळणदार कारकुनी अक्षरात, आणि खाली आपलं उत्तर. आवक-जावक रजिस्टर भरावं तसं.

मला मात्र या कामात एक पद मिळालं होतं. उत्तर पाठवण्याआधी त्या कागद माझ्यापुढे सरकवत आणि म्हणत, "सर, यात राग दिसतो का बघा." मराठीचा मास्तर म्हणून मी ते फार मनावर घेतलं. एकदा त्याने लिहिलं होतं, मुलीला उपाशी ठेवतेस, फोटोत हाडं दिसतात. बाईंचं उत्तर होतं: 'शाळेच्या तपासणीत तन्वीचं वजन योग्य आलं आहे. कार्डाचा फोटो सोबत पाठवत आहे.' मी पेन काढलं आणि खाली एक असं वाक्य जोडलं की ज्या बापाने आयुष्यात लेकराला एक घास भरवला नाही, त्याची मान शरमेने खाली जावी. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"छान आहे सर," म्हणाल्या. "स्नेहसंमेलनाला वापरू."

आणि त्यावर आडवी रेघ मारली. अशा माझ्या कित्येक चांगल्या वाक्यांवर त्यांनी रेघा मारल्या. तेव्हा मला वाईट वाटायचं, आणि आता त्याची लाज वाटते.

हे दोन ओळींचं उत्तर सहज येत नसे. ते मला एका दुपारी कळलं, आणि कळायला नको होतं असं आता म्हणतो. बाई मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणून उठून गेल्या. टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, त्यातला एक कागद अर्धा बाहेर आलेला. मी तो ओढून वाचला. दोन्ही बाजूंनी भरलेला होता. आमच्या घरत बाई इतकं लिहू शकतात हे मला माहीतच नव्हतं. निलेशला अरे-तुरे केलेलं होतं, शाप होते, आणि मध्येच एक ओळ होती: तुझ्या मोटरसायकलचा आवाज ऐकला की तन्वी दोन वर्षांची असताना पलंगाखाली जायची, आता तसली कुठलीही गाडी गेली तरी ती बोलता बोलता थांबते. बाई परत आल्या तेव्हा कागद माझ्या हातातच होता. त्यांनी तो माझ्याकडून घेतला.

"रोज आधी हे लिहिते," म्हणाल्या. "हे लिहिल्याशिवाय त्या दोन ओळी निघत नाहीत."

मग तो फाडला, आणखी फाडला, आणि तुकडे शाळेच्या टोपलीत न टाकता पर्सच्या कप्प्यात भरले. घरी नेऊन चुलीत घालत असाव्यात. हमीदाआपांकडे पाणी तापवायला मागच्या बाजूला चूल होती.

तेव्हाच्या हंगामी हुकमाप्रमाणे निलेश एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी तन्वीला दोन तास भेटू शकत होता, तेही चारचौघांत आणि आई जवळपास असताना. भेट अलिबागच्या एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीपाशी व्हायची. ती जागा बाईंनीच सुचवली होती. तिथे कंट्रोलर बसलेला असतो, माणसं असतात. बाई रेवदंड्याहून ज्या गाडीने येत तिचं तिकीट जपून ठेवत, कारण त्यावर वेळ छापलेली असते. तो उशिरा आला आणि उलटा 'ही वेळेवर मुलगी आणत नाही' म्हणाला, तर वहीत तिकीट चिकटवलेलं. स्टँडच्या कँटीनमध्ये तो तन्वीला घेऊन बसायचा, तिला भजी खायला घालायचा, आणि बाई तीन टेबलं सोडून चहा पुढ्यात घेऊन बसायच्या. चहा थंड होऊन त्यावर साय यायची. मी एकदा तिथे होतो, म्हणून सांगतो.

गणपतीची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. तन्वीला घरी गणपती हवा होता. मामाकडचा नको, आपला. बाईंनी हमीदाआपांना भीत भीत विचारलं. आपांचे दोन्ही मुलगे आखातात नोकरीला, घर मोठं आणि रिकामं. त्या म्हणाल्या, "आण की. ओटीवर बसव, तुझ्या खोलीत उजेड न्हाय." असा दीड दिवसाचा गणपती हमीदाआपांच्या ओटीवर बसला. आमचा शिपाई काशिनाथ आणि मी दर्शनाला गेलो होतो. आरती आटपली आणि निलेश दोन मित्रांना घेऊन दारात. हातात मोदकांचा खोका, कपाळाला गंध.

आमच्याकडे गणपतीच्या दारातून कुणाला परत पाठवत नाहीत. वैरी आला तरी चटई पुढे होते. त्याला ते ठाऊक होतं, म्हणूनच तो दिवस त्याने निवडला होता. बाईंनी त्याला दर्शन घेऊ दिलं आणि पाट दिला. तो बसल्या बसल्या मित्रांना ऐकू जाईल असं बोलू लागला, नवऱ्याला टाकून परक्याच्या ओटीवर देव मांडायची वेळ आली वगैरे. बाई म्हणाल्या, "प्रसाद घ्या." तो आणखी बोलला. त्यांनी मित्रांपुढे वाटी धरली, "तुम्हीपण घ्या." काशिनाथ माझ्या कानात पुटपुटला, "सर, ह्या बायला राग येत न्हाय का काय?" मी त्याला गप्प बस म्हटलं.

मग निलेशने तन्वीला उचलून कडेवर घेतलं. "चल, आजीकडचा गणपती बघून येऊ. गाडी आणलीय."

बाई त्याच आवाजात म्हणाल्या, "कागदात शनिवार लिहिलाय. आज सोमवार आहे."

तो हसला आणि दाराकडे वळला. दारात, उंबऱ्याला लागून, हमीदाआपा मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात सुपारी, हातात अडकित्ता. त्यांच्या देहाने दार भरलं होतं.

"बाबा, जरा थांबावं लागंल," आपा म्हणाल्या. "गुडघं धरलंत माझं. उठायला अर्धा तास लागतो."

सुपारी कातरणं चालूच होतं. सत्तर वर्षांच्या बाईला ओलांडून, कडेवर पोर घेऊन, गणपतीसमोरून बाहेर पडणं त्याला जमेना. मित्र चपला शोधू लागले. शेवटी त्याने तन्वीला खाली ठेवलं. ती खाली उतरताच आपांचे गुडघे बरे झाले. तो गेल्यावर बाई आत गेल्या, मी पाणी प्यायला म्हणून मागे गेलो, तर त्या वहीत लिहीत होत्या: 'निलेश ११.४० ला दर्शनास आले. १२.०५ ला गेले. प्रसाद घेतला.' पेन धरलेला हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

बाईंच्या एकटेपणाबद्दल लिहायचं तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. त्या कुणाशी मैत्री करू लागल्या की चार-आठ दिवसांत त्या माणसाला निलेशचा फोन जायचा. आमच्या शिंदे बाई त्यांच्याबरोबर बाजारात जात, तर शिंदे बाईंच्या नवऱ्याला फोन. शिंदे बाई भल्या, पण संसारी. त्यांनी वेगळ्या रस्त्याने घरी जायला सुरुवात केली. पुढे घरत बाईच आपणहून लांब राहू लागल्या. हळदीकुंकवाला जायच्या, वाण घ्यायच्या आणि बसा म्हणेपर्यंत परत निघालेल्या असायच्या. फोटोत उभ्या राहायच्या नाहीत, कारण फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत जातो. त्या दोन ओळींची सवय हळूहळू सगळीकडे पसरली. कसं काय बाई, म्हटलं तर "बरं आहे. तुमचं?" इतकंच. स्टाफमध्ये त्यांना शिष्ट म्हणायचे. मुलीपुढे तर त्या बापाविरुद्ध चकार शब्द काढत नसत. तन्वी एकदा ऑफिसात म्हणाली, "आई, बाबा माझ्याशी खूप बोलतात, तू का नाही बोलत?" बाईंनी तिच्या वेणीची रिबीन सोडून पुन्हा बांधली. त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत नेला.

आता माझ्या पराक्रमाकडे यायला हवं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

नोकरीची पहिली बारा वर्षं मी उरणच्या बाजूच्या एका शाळेत होतो, आणि, हे मी आतापर्यंत सांगितलं नाही, निलेश तिथे माझा विद्यार्थी होता. वक्तृत्वात पहिला यायचा. त्याला हातवारे मी शिकवले, कुठे थांबायचं ते मी शिकवलं. एका रविवारी सकाळी तो माझ्या घरी आला. हातात पांढऱ्या कांद्याची माळ. आल्या आल्या पाया पडला, आणि चहा येईपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सर, माझं चुकलं, पण लेकीशिवाय जगवत नाही, तुमचा शब्द ती मानते, तुम्हीच मार्ग काढा. त्याने फोन टीपॉयवर उपडा ठेवला होता. मला वाटलं, काय शहाणा मुलगा, मोठ्यांशी बोलताना फोन बाजूला ठेवतो.

मी आयुष्यात बऱ्याच मध्यस्थ्या केल्या आहेत. बांधाच्या, वाटण्यांच्या, रुसून आलेल्या सुनांच्या. आमच्याकडे त्याची एक रीत आहे. मध्यस्थाने आधी आपल्या बाजूच्या माणसाला बोल लावायचे. आमचीही पोर काही कमी नाही, कबूल आहे, असं म्हणायचं. म्हणजे समोरच्याचा ताठा उतरतो, तोही म्हणतो माझंही चुकलंच, आणि मग बोलणी सुरू होतात. बोललेलं खरं असतं असं नाही, ते दोघांनाही ठाऊक असतं. त्याच रीतीने मी बोललो.

"हे बघ निलेश, सुरेखा तापट आहे. मी रोज बघतो ना. कागदावर असा राग काढते की वाचवत नाही. पण मनाने वाईट नाही. तू दोन पावलं मागे ये, मी तिला समजावतो."

तो खाली मान घालून ऐकत होता. जाताना पुन्हा पाया पडला. मी बायकोला म्हटलं, बघ, प्रेमाने बोललं की माणूस विरघळतो. त्या कांद्याची भाजी आम्ही दोन दिवस खाल्ली.

पुढच्या तारखेला माझं वाक्य कोर्टात वाजलं. शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षकांचं मत म्हणून. सुरुवात आणि शेवट कापलेला, मधलं तेवढं स्वच्छ. दोन वर्षं बाईंनी जे एक वाक्य दिलं नव्हतं ते मी चहा पाजून दिलं होतं.

मला साक्षीला उभं केलं. पलीकडच्या वकिलांनी विचारलं, हा आवाज तुमचा का. हो म्हटलं. मग मी मध्यस्थीची रीत समजावून सांगू लागलो. ते म्हणाले, "म्हणजे सर, तुम्ही सोयीप्रमाणे खोटं बोलता." बाई समोर बाकावर बसल्या होत्या. माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या कागद लावत होत्या.

त्यांच्या वकिलांनी वह्या पुढे केल्या. न्यायाधीश मॅडमनी बराच वेळ पानं उलटली, मग बाईंना विचारलं, "ह्या सरांनी म्हटलेले ते रागाचे कागद कुठे आहेत?"

"फाडले, मॅडम."

"म्हणजे राग येतो तुम्हाला."

"येतो. तो मुलीला किंवा त्यांना कळवायची गरज वाटली नाही."

तन्वी आईकडेच राहिली. वह्यांनी तेवढं केलं. पण माझं वाक्यही तिथे होतं. आईच्या स्वभावाबद्दल शंका आहे, मुलीला वडिलांचा मोकळा सहवास मिळायला हवा, असं ठरलं. एका शनिवारआड दोन तासांचे दर शनिवारी दहा ते पाच झाले. कँटीन नाही, तीन टेबलं नाहीत. त्याने तिला गाडीत घालून न्यायचं आणि पाचला आणून सोडायचं, मध्ये आईने जवळ असायचं कारण नाही.

सोमवारी मी ऑफिसात गेलो. मनात भाषण तयार होतं. बाईंनी डबा खाल्ला, हात धुतले, खणातला फोन काढला, खिडकीशी उभ्या राहून वाचलं, कागदावर दोन ओळी लिहिल्या. कागद माझ्याकडे सरकला नाही. मी म्हटलं, "बाई, माझं फार चुकलं, मला असं वाटलं की..."

"सर, घंटा झाली," त्या म्हणाल्या.

खरंच झाली होती. नंतरची दोन वर्षं, मी निवृत्त होईपर्यंत, त्या माझ्याशी कधी वावगं वागल्या नाहीत. चहा पुढे करायच्या, पगाराच्या स्लिपा द्यायच्या, निरोप समारंभात त्यांनी मला नारळ दिला. पण उत्तरात राग दिसतो का, हे विचारायला त्यांना कुणी उरलं नाही. ते त्या एकट्याच बघायच्या.

निवृत्तीनंतर माझं अलिबागला जाणं कमी झालं. गेल्या थंडीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, दुपारी तीनच्या सुमाराला स्टँडवर आलो. शनिवार आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं. चौकशीच्या खिडकीजवळच्या बाकावर घरत बाई बसल्या होत्या. केसांत थोडं पांढरं आलेलं. हातात काही नाही, पुस्तक नाही, विणकाम नाही. आत येणाऱ्या गाड्यांच्या रस्त्याकडे बघत होत्या. मी पुढे जाऊन उभा राहिलो.

"कधीपासून बसलात?"

"दहापासून."

"मध्ये घरी जाऊन येता येईल की."

"येईल." मग म्हणाल्या, "घरी गेले आणि इकडे काही झालं, तर रेवदंड्याहून यायला वेळ लागतो."

दर शनिवारी सात तास त्या तिथे बसत होत्या. दोन वर्षांहून जास्त.

"बाई, मी त्या दिवशी जे बोललो..."

"सर," त्यांनी मला थांबवलं. आवाज चढला नव्हता. "तुमच्या त्या बोलण्याने माझे शनिवार गेले. मी विसरले नाही. माफ केलं असंही म्हणणार नाही."

मी मान हलवली आणि जायला निघालो. तशी त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"पण बसायचं असेल तर बसा," म्हणाल्या.

मी बसलो. माझी गाडी आली आणि गेली. हमीदाआपा गेल्याचं त्यांनी सांगितलं, त्यांच्या मुलांनी आखातातून फोन करून खोल्या सोडू नका म्हटल्याचं सांगितलं. तन्वीला चित्रकलेत बक्षीस मिळाल्याचं सांगताना जरा हसल्या. साडेचार झाले तसं त्यांचं बोलणं थांबलं. पाच वाजले. सव्वापाच झाले. त्यांचे दोन्ही हात पिशवीच्या बंदावर होते. मला देवाचं नाव घ्यायची सवय नाही, पण मी घेतलं.

पाच पंचवीसला रस्त्याकडून तन्वी चालत आली. नऊ वर्षांची, उंच झालेली, लांब बाह्यांचा झगा, हातात नव्या बाहुलीचा खोका. गाडी बाहेरच थांबून निघून गेली असावी. पोरगी धावत येऊन आईला बिलगेल असं मला वाटलं. ती बाकापाशी आली. खोका खाली ठेवला. आणि आईने काही म्हणायच्या आत तिने स्वतःच एक बाही खांद्यापर्यंत वर केली, मग दुसरी, दोन्ही हात पुढे धरले आणि उभी राहिली. बाईंनी एक हात पाहिला, उलटा करून पाहिला, मग दुसरा. तन्वी न सांगता पाठ करून वळली आणि तिने मानेवरचे केस बाजूला घेतले.

"आजपण काही नाही, आई," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या, आणि तरी पाहिलं.

मग त्यांनी तिच्या बाह्या एकेक करून खाली ओढल्या, बटणं लावली आणि तिला जवळ घेतलं. रेवदंड्याची गाडी लागली होती. "येते, सर," म्हणाल्या आणि खोका उचलून, तन्वीचा हात धरून गाडीकडे गेल्या.